तंबाखूचे कायदे आणि मधला माणूस: घाऊक वितरकाचं घोडं नेमकं अडतं कुठे?

गोदामवाला

परवा दुसऱ्या एका धाग्यावर तंबाखूबंदीवरून जुंपली होती. तिथे मी एवढंच लिहिलं की कायदा कडक आहे याचं घाऊकवाल्याला फार दुःख नसतं, तो कोणत्या तारखेपासून लागू होतो याची धास्ती असते. झालं, दोघांनी लगेच मला कंपन्यांचा दलाल ठरवून टाकलं. त्या धाग्याचा विचका नको म्हणून हा वेगळा काढतोय.

आधी माझी बाजू उघड करतो. मी सिगारेट ओढत नाही, कधीच ओढली नाही. पण घाऊक मालाचे हिशेब बरीच वर्षं सांभाळले आणि त्या मालात तंबाखूचा वाटा मोठा होता. आता त्यातून बाहेर आहे, तेव्हा कुणाची वकिली करायचं कारण नाही.

या धंद्याचं गणित बाहेरच्यांना माहीत नसतं. पाकिटामागे घाऊकवाल्याला सुटतं फार थोडं, पण माल भयंकर महाग असतो, कारण किमतीतला मोठा भाग कर असतो. किरकोळ किमतीत कराचा वाटा निदान ७५ टक्के असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बऱ्याच देशांत तो निम्म्याच्या वर आहेच. म्हणजे गोदामात जी रास दिसते त्यातली खूपशी रक्कम सरकारची असते आणि ती आपण आगाऊ भरून बसलेलो असतो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तर घाऊक वितरकच राज्याकडून कराचे स्टॅम्प विकत घेतो आणि पाकिटांवर लावतो. त्या कामाबद्दल त्याला थोडी सूट मिळते. पुढे किरकोळ दुकानदाराला माल उधारीवर. वसुली झाली तर झाली.

आता तारखेचं. साधं पाकीट, म्हणजे कंपनीचा रंग नि चिन्ह काढून टाकलेलं, ऑस्ट्रेलियाने जगात पहिल्यांदा आणलं. १ ऑक्टोबर २०१२ पासून नवं पाकीटच बनवायचं आणि १ डिसेंबरपासून जुनं विकायचं नाही. मध्ये दोन महिने. ब्रिटनने तेच केलं तेव्हा २० मे २०१६ ते २० मे २०१७, पूर्ण वर्ष दिलं. कायद्याचा हेतू तोच, आरोग्याचा मुद्दा तोच. पण दोन महिन्यांत गोदाम रिकामं करणं आणि बारा महिन्यांत करणं यात एखादा लहान वितरक तरतो किंवा बुडतो.

आणि शून्य दिवसांचंही उदाहरण आहे. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने ई-सिगारेटवर बंदी आली. ज्याच्याकडे साठा असेल त्याने स्वतःहून यादी करून तो अधिकाऱ्याकडे जमा करायचा. ई-सिगारेट गेली याचं मला काही नाही. पण आदल्या दिवशीपर्यंत बिलावर घेतलेला माल दुसऱ्या दिवशी मुद्देमाल होतो, तेव्हा तो कुणाच्या खात्यात बुडतो याचा विचार कायदा लिहिताना कुणी करत असेल असं वाटत नाही.

बोला आता.

साधा_प्रश्न

वाचतोय. एक बावळट शंका: जुना माल कंपनी परत का घेत नाही? औषधं मुदत संपली की परत जातात ना?

गोदामवाला

बावळट नाही, मुद्द्याची आहे. मोठी कंपनी बऱ्याचदा घेते, पण करारात लिहिलं असेल तेवढंच. अख्खी पेटी घेईल, फोडलेल्या पेटीतली सुटी कार्टनं घेईलच असं नाही. शिवाय माल परत गेला तरी त्यावर भरलेला कर आपोआप परत येत नाही. त्याचा वेगळा अर्ज, वेगळे पुरावे, वेगळी वाट पाहणी. आणि बाहेरून माल आणणारा लहान आयातदार असेल तर कायदा आल्यावर तो फोनच उचलत नाही.

धूरविरोधी

धागाकर्त्याचा सूर प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी आरोग्याच्या क्षेत्रात आहे. तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसं मरतात. कायद्याच्या प्रत्येक मसुद्याच्या वेळी आमच्यासमोर कंपनी येत नाही. येतात ते 'बिचारे' दुकानदार आणि 'बिचारे' वितरक. त्यांच्या निवेदनाचा कागद कुणी टाइप करून दिला ते वाचताच कळतं. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारात, जो २००३ मध्ये मंजूर झाला आणि फेब्रुवारी २००५ मध्ये लागू झाला, कलम ५.३ आहेच त्यासाठी: सरकारांनी धोरण आखताना या उद्योगाच्या हितसंबंधांना चार हात लांब ठेवावं.

दुसरं म्हणजे ती मुदत. तुम्ही म्हणता वर्ष द्या. वर्ष दिलं की काय होतं? आधीच्या महिन्यांत जुन्या पाकिटांचे डोंगर रचले जातात आणि मग 'साठा संपेपर्यंत थांबा' म्हणून हेच लोक पुन्हा येतात. करवाढीच्या आधी तर हे उघड चालतं. जुन्या दराने माल बाहेर काढून ठेवायचा आणि नव्या दराने विकायचा. ही माया कुठे जाते ते धागाकर्त्याला माहीत असणारच.

गोदामवाला

माहीत आहे. खोटं कशाला बोलू, करवाढीच्या आधी साठा करणं हा या धंद्यात जवळजवळ सण असतो. पण सरकारंही आता दुधखुळी नाहीत. ब्रिटनमध्ये अंदाजपत्रकाच्या आधीच्या काळात किती माल बाहेर काढायचा यावर मर्यादा घालता येते. अमेरिकेने त्याहून सोपं केलं. १ एप्रिल २००९ ला सिगारेटवरचा केंद्रीय कर पाकिटामागे ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंट झाला, आणि त्या दिवशी गोदामात पडलेल्या मालावरही वाढीव फरक लावला. त्याला साठा कर म्हणायचं. मोजा आणि भरा. भरायची मुदत १ ऑगस्टपर्यंत होती.

हे मला न्याय्य वाटतं. जुन्या दराचा फायदा लाटता येत नाही हे ठीकच. पण यात एक मेख आहे. तो पैसा माल विकला जायच्या आधी द्यायचा असतो. मोठा वितरक बँकेकडे जातो, लहान वितरक मोठ्या वितरकाकडे जातो आणि वर्षभरात त्याचाच उपवितरक होतो. कायद्याने तंबाखूचा खप घटो न घटो, वितरकांची संख्या मात्र घटते. हे कुणी ठरवून करत नाही, होतं.

आणि कलम ५.३ बद्दल: सहमत. कंपनीचा कागद घेऊन येणाऱ्याला बाहेर बसवा. पण गोदामात एका पेटीचं काय काय होतं हे जर कुणालाच विचारलं नाही, तर कायदा कागदावर सुरेख होतो आणि अंमलात लंगडतो.

तिरकस

म्हणजे थोडक्यात घाऊकवाला हा सरकारचा वसुली कारकून, कंपनीचा हमाल आणि दुकानदाराचा सावकार. आणि तिघेही त्याला चोर समजतात. लग्नाला स्थळं येत असतील का हो?

गोदामवाला

तिरकसराव, स्थळं येतात, पण आधी उधारीची वही बघायला मागतात.

जुनी_वही

युरोपातल्या माल-मागोव्याच्या व्यवस्थेवर मी काम केलंय, गोदामाच्या बाजूने. 'पेटीचं काय होतं' म्हणालात म्हणून लिहितो.

युरोपीय संघात २० मे २०१९ पासून सिगारेट आणि हाताने वळायच्या तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर वेगळा कोड असतो. सिगार, पाइपची तंबाखू वगैरे बाकीची उत्पादनं २० मे २०२४ पासून आली. कारखान्यापासून पहिल्या किरकोळ दुकानाच्या आधीच्या शेवटच्या माणसापर्यंत प्रत्येक हाताची नोंद करायची. हा शेवटचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा घाऊकवाला. धंद्याला एक ओळख क्रमांक, प्रत्येक गोदामाला आणखी एक.

ऐकायला सोपं आहे. कारखान्याला तर सोपंच आहे, त्याच्याकडे पाकीट, कार्टन, पेटी, पॅलेट (म्हणजे पेट्या रचायची फळी) असं सगळं ओळीने यंत्रातून येतं आणि वरच्या कोडला खालचे कोड जोडलेले असतात. पॅलेटचा एक कोड वाचला की आतली सगळी पाकिटं नोंदली गेली. पण घाऊकवाल्याचं कामच मुळी पॅलेट फोडायचं. एका दुकानाला या जातीची दोन कार्टनं, त्या जातीचं एक, तिसऱ्याची चार. पेटी फोडली की वरचा कोड निकामी. मग प्रत्येक कार्टन वेगळं वाचा, किंवा नवा गठ्ठा करून त्याला नवा कोड द्या आणि आत काय आहे ते कळवा. गाडी निघायच्या आधी पाठवणीची नोंद गेली पाहिजे. दुकानदाराने सकाळी फोन करून 'एक कार्टन कमी करा' म्हटलं की रात्री केलेली नोंद मागे घ्या, पुन्हा करा.

एक गोष्ट मात्र चांगली होती आणि ती आवर्जून सांगतो. वितरकाला लागणारी नोंदणीची यंत्रं उत्पादकांनी पुरवायची असं त्या कायद्यातच लिहिलंय. पैशाचा बोजा कंपनीवर गेला. पण माणसांचा वेळ कुणी पुरवला नाही.

जुन्या मालाबद्दल: कोड नसलेल्या सिगारेटी आधी बनलेल्या असतील तर २० मे २०२० पर्यंत चालल्या. आणि गंमत बघा, मेंथॉल सिगारेटही (पुदिन्यासारख्या गार चवीची) बरोबर त्याच दिवशी बंद झाली. तेव्हा कोविडची टाळेबंदी चालू. एकाच तारखेला दोन प्रकारचा माल बाद, आणि गाड्या निम्म्या. तो मे महिना मी विसरणार नाही.

कलम_कसाई

कायद्याची बाजू थोडी. मागोव्याची कल्पना युरोपची एकट्याची नाही. अवैध तंबाखू व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार सोलला २०१२ मध्ये मंजूर झाला आणि २५ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात वितरकांनी वाचावीत अशी तीन कलमं आहेत.

कलम ६ परवान्याचं. कारखाना, आयात, निर्यात यांना परवाना सक्तीचा. घाऊक विक्री, साठवण, वाहतूक यांच्याबाबत मात्र देशांनी योग्य वाटेल तितपत 'प्रयत्न' करावा अशी मऊ भाषा आहे. म्हणून एका देशात घाऊकवाल्याला परवाना लागतो आणि शेजारच्या देशात लागत नाही. परवाना नसणं ही सवलत वाटते, पण प्रामाणिक वितरकाला ती महागात पडते. कुणीही भाड्याने खोली घेऊन 'होलसेल' पाटी लावतो.

कलम ७ सर्वांत अवघड. गिऱ्हाईक कोण याची चौकशी करा, आणि तुम्ही विकलेला माल त्या बाजारपेठेच्या मागणीच्या मानाने वाजवी आहे ना हे बघा. म्हणजे नेहमी दहा कार्टनं नेणारा अचानक दोनशे मागायला लागला तर प्रश्न विचारायचा. कागदावर हे रास्त आहे. व्यवहारात विक्रेता गिऱ्हाइकाला 'एवढं कशाला?' विचारायला लागला की गिऱ्हाईक पलीकडच्याकडे जातं.

कलम ८ मागोव्याचं, आणि त्यात स्पष्ट आहे की सरकारवरची जबाबदारी तंबाखू उद्योगावर सोपवायची नाही. हे आलं कारण एका बड्या कंपनीने स्वतः घडवलेली कोड-प्रणाली २०१० च्या सुमारास बाकीच्या कंपन्यांना देऊन सरकारांच्या गळ्यात मारायचा प्रयत्न चालला होता. कुंपणानेच शेताची राखण करतो म्हटल्यासारखं. उद्योगाचा इतिहासही साधा नाही. २००८ मध्ये कॅनडात दोन मोठ्या सिगारेट कंपन्यांनी नव्वदच्या दशकातल्या तस्करीशी जोडलेला गुन्हा कबूल करून प्रचंड दंड भरला.

शिक्षेचंही बघा. भारताच्या २००३ च्या कायद्यात इशाऱ्याविना पाकीट बनवणाऱ्याला पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तेच पाकीट विकणाऱ्या-वाटणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रमाण ठीक आहे असं वरवर दिसतं. पण छपाई कारखान्यात होते आणि धाड गोदामावर पडते.

पानगळ

करावरच बोलताय तर २००९ ची दुसरी बाजू सांगते, मला ती फार आवडते (आवडते म्हणजे डोक्याला हात लावावा या अर्थाने). त्याच १ एप्रिलला अमेरिकेत हाताने वळायच्या तंबाखूवरचा कर पौंडामागे साधारण १ डॉलर १० सेंटवरून २४ डॉलर ७८ सेंटवर नेला, आणि पाइपच्या तंबाखूवर फक्त २ डॉलर ८३ सेंट ठेवला. दोन्ही तंबाखूंत फरक काय तो पिशवीवरच्या नावाचा. मग काय, अल्पावधीत वळायची तंबाखू बाजारातून जवळजवळ नाहीशी आणि पाइप ओढणारे म्हातारे एकाएकी देशभर वाढले! वितरकाने त्यात काय करायचं? पिशवीवर पाइप लिहिलंय, कर पाइपचा भरलाय, बिल पाइपचं. न विकावं तर शेजारचा विकतो.

तिरकस

पाइपवाले म्हातारे वाढले हे वाचून चहा नाकातून आला.

धूरविरोधी

पानगळ, उदाहरण खरं आहे, पण त्यातून 'कर वाढवला की पळवाटा निघतात' एवढंच नका काढू. पळवाट निघाली कारण दोन सारख्या वस्तूंवर वेगळा कर ठेवला. सारखा ठेवला असता तर निघाली नसती.

आणि कोणी म्हणायच्या आधीच सांगते, 'कर वाढला की तस्करी वाढते' हेही अर्धवट आहे. कॅनडाने १९९४ मध्ये तस्करीला घाबरून कर कमी केला. ब्रिटनने उलट केलं. २००० मध्ये चोरट्या मालाविरुद्ध स्वतंत्र मोहीम उघडली, कर चढाच ठेवला, आणि पुढच्या वर्षांत चोरट्या सिगारेटचा वाटा बराच खाली आला. माणसं, यंत्रं, खटले यावर पैसा खर्च केला की जमतं.

जुनी_वही

आणि नाही केला तर ऑस्ट्रेलिया. तिथे सिगारेट जगातल्या सर्वांत महाग सिगारेटींपैकी, आणि चोरट्या बाजारासाठी टोळ्यांचं युद्ध. मेलबर्न भागात २०२३ पासून तंबाखूची दुकानं जाळायचं सत्रच लागलं. तरी ज्या व्हिक्टोरिया राज्यात हे शहर आहे तिथे विक्री परवान्याचा कायदा २०२४ च्या अखेरीस झाला. कर गगनाला नेला, पण कोण विकतो त्याची यादी नव्हती. कायदेशीर घाऊकवाल्याचा खप इकडे घसरतो आणि त्याच्या गल्लीतच दोन नंबरचा माल बिनबोभाट विकला जातो. त्याने तक्रार करायची कुणाकडे, आणि जाळपोळ चालू असताना करायची का, हाही प्रश्नच.

साधा_प्रश्न

मग सरळ बंदीच बरी नाही का? ना साठा, ना कोड, ना कर.

पानगळ

भूतानने करून पाहिली. २००४ मध्ये विक्रीवर बंदी, २०१० मध्ये आणखी कडक कायदा. माल सीमेपलीकडून येतच राहिला. कोविडमध्ये त्या तस्करीबरोबर रोगही येईल म्हणून २०२१ मध्ये विक्री पुन्हा खुली केली. दक्षिण आफ्रिकेने २०२० मध्ये टाळेबंदीत मार्चअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत विक्री बंद केली. ओढणारे बहुतेक ओढतच राहिले, फक्त विकणारे बदलले.

आता पिढीनिहाय बंदीची वाट निघालीय, म्हणजे ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांना कधीच विकायचं नाही. न्यूझीलंडने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा केला, त्यात दुकानंही सुमारे ६००० वरून ६०० वर आणायची होती. नवं सरकार आलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो लागू व्हायच्या आधीच रद्द. मालदीवने मात्र १ नोव्हेंबर २०२५ पासून आणली, १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कधीच नाही.

गोदामवाला

न्यूझीलंडचं उदाहरण माझ्या मुद्द्याला नेमकं लागतं. दुकानं दहातला एक भाग उरणार म्हटल्यावर वितरकाने काय केलं असेल? गाड्या विकल्या असतील, गोदामाचा भाडेकरार वाढवला नसेल, माणसं कमी केली असतील. मग कळतं की कायदाच नाही. अमेरिकेत मेंथॉल सिगारेटवर बंदीचा प्रस्ताव एप्रिल २०२२ मध्ये आला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला. जवळजवळ तीन वर्षं टांगणीला. त्याच काळात मॅसॅच्युसेट्समध्ये बंदी जून २०२० पासून लागू, कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२२ पासून, शेजारच्या राज्यांत नाही. चार राज्यांत माल पोचवणाऱ्याने चार वेगळे साठे ठेवायचे आणि गाडीत चुकीची पेटी चढली की संपलं.

धूरविरोधींना विचारतो, खरंच विचारतो: बंदी घालायचीच असेल तर पक्की तारीख देऊन घाला. आम्हाला 'होणार-होणार' ने मारलं, 'झालं' ने नाही.

धूरविरोधी

हे पटतं. गंमत म्हणजे आम्हालाही 'होणार-होणार' नेच मारलंय. फक्त ते लांबवतं कोण, हे तुमच्या कंपन्यांच्या वकिलांना विचारा.

कलम_कसाई

लांबवण्याचा सर्वांत वाईट नमुना व्हेपिंगचा. अमेरिकेत ८ ऑगस्ट २०१६ पासून ई-सिगारेट अन्न व औषध प्रशासनाच्या कक्षेत आली. बाजारात राहायचं तर पूर्वपरवानगी हवी. अर्जाची मुदत पुढे ढकलली, मग कोर्टाने अलीकडे आणली, शेवटी ९ सप्टेंबर २०२० ठरली. पहिली परवानगी मिळाली ऑक्टोबर २०२१ मध्ये. परवानगी असलेल्या उत्पादनांची यादी आजही छोटी आहे आणि दुकानांत रंगीबेरंगी माल मात्र भिंतभर. वितरकाला दोनच वाटा: यादीतलंच विकायचं आणि गिऱ्हाईक घालवायचं, नाहीतर सगळं विकायचं आणि इशाऱ्याचं पत्र यायची वाट बघायची. सचोटीवर लावलेला हा वेगळाच कर आहे.

साधा_प्रश्न

शेवटची शंका. तो साठा कर भरताना माल मोजतात म्हणालात. खरंच एकेक खोकं मोजतात?

गोदामवाला

खरंच. मी एका करवाढीच्या रात्री मोजायला होतो. रात्री बाराला जे गोदामात असेल ते धरायचं. त्यामुळे संध्याकाळी गाड्या बंद, शटर अर्धं खाली, सात माणसं, दोन शिड्या. एकाने मोजायचं, दुसऱ्याने तेच उलट्या बाजूने मोजायचं, तिसऱ्याने वहीशी ताडायचं. फोडलेल्या पेट्या सगळ्यांत शेवटी, कारण भांडणं तिथेच होतात. पहाटे अडीचला सगळं जुळलं, फक्त दोन कार्टनं कमी. वहीत आहेत, मांडणीवर नाहीत. चोरीला गेलेली म्हणून लिहावीत तर चौकशी, असलेली म्हणून लिहावीत तर तपासणीला दाखवायची कुठून. पुन्हा सगळं मोजलं. साडेचारला आमचा एक पोरगा चहा घेऊन आला आणि म्हणाला, साहेब, तुम्ही बसलाय कशावर?

मोजणीचं टेबल डुगडुगत होतं म्हणून कुणीतरी पायाखाली एक कार्टन दिलेलं. दुसरं माझ्या स्टुलावर, उंची कमी पडत होती म्हणून. दोन्ही चेपलेली, पण मोजली, आणि वाढीव कर दोन्हींवर भरला.